ओतकाम

शटर अर्धं खाली ओढलं होतं.
लक्ष्मीपुरी, जिन्याखालचं माझं दुकान.
भूपाल चौगुले वाकून आत आला
आणि काउंटरवर रुमालाची गाठ सोडली,
डबा सोडावा तशी.
"अपडेट करू का म्हणून विचारलं, व्हय म्हटलं.
अर्ध्यात चार्जिंग संपलं.
तवापास्नं हे असं."

हे असं म्हणजे:
कंपनीचं नाव येतं, थरथरतं, जातं.
परत येतं.
उंबऱ्यावर उभं राहून आपलंच नाव सांगणारा माणूस,
आत मात्र येत नाही.

आत काय आहे, मी विचारलं.
"काय न्हाई. नंबर."
मग बऱ्याच वेळानं,
"जाईल व्हय सगळं?"

सांगितलं, दोन पर्याय आहेत.
एक सगळं पुसून नवं भरतो.
दुसरा भिंती बदलतो,
माळ्यावरच्या ट्रंकेला हात लावत नाही.
दुसरा लावते.
"खात्री?"
खात्री नाही.

बॅटरीखालच्या चिकटपट्टीवरचा मॉडेल नंबर
भिंग लावून दोनदा वाचला.
शेवटचं एक अक्षर चुकलं
की सातबारा भलत्याच्या नावावर.
मागच्या वर्षी चुकलं होतं माझं.
न्यू कॉलेजच्या एका पोरीचा फोन
कायमचा दगड झाला.
तीन हप्त्यांत भरून दिला. तिची आई
अजून या गल्लीनं जात नाही.

फाइल उतरली. आवाजाचं बटण दाबून वायर जोडली.
लॅपटॉपनं टुंग करून ओळख दिली
आणि लगेच काढून घेतली.
पुन्हा. पुन्हा.
वायर सैल, एकाच कलानं पकडायची.
"धरू का?" तो म्हणाला.

धरली.
शिरोलीच्या फौंड्रीत एकवीस वर्षं
साच्यात लोखंड ओतणारे हात.
मनगटावर ठिणग्यांचे पांढरे ठिपके,
एकही हलत नव्हता.

लाल पट्टी आली, मग पिवळी.
सोडू नका हं, मी म्हणाले.
तो पहिल्यांदा हसला.
"ओतताना कोण सोडतंय, निलोफरताई?
धार तुटली की मधी सांधा ऱ्हातोय.
वरनं दिसत न्हाई.
मशीनवर चढलं की तिथंच फुटतंय."

एकसष्ट टक्क्यांवर लाइट गेली.
पंखा सावकाश थांबला.
लॅपटॉपची म्हातारी बॅटरी म्हणाली, अकरा मिनिटं,
आणि खोटं बोलायची तिची सवय मला माहीत.
सगळ्या गल्लीत तेवढीच पिवळी पट्टी.
मी दर टक्क्याला पापणी मिटत होते.
त्याला सवय होती
अंधारात उजेडाकडे बघत उभं राहायची.

सत्त्याऐंशी.
बाहेर कुणीतरी शटर वाजवून गेलं.
शहाण्णव.
शहाण्णव.
शहाण्णववर इतका वेळ
की मी आईची शपथ घेतली, हे काम सोडणार.

हिरवी खूण.
तरी त्यानं वायर सोडली नाही.
"गार होऊ दे की."
फोन आहे हो, म्हटलं, साचा नाही.
तेव्हा कुठं बोटं उघडली,
एकेक.

बटण दाबलं. नाव आलं.
थरथरलं.
राहिलं.
कुठल्यातरी जुन्या सालातली एक जानेवारी,
रात्रीचे बारा.
मग नऊ ठिपके उगवले
आणि मी तोंड फिरवलं, धंद्याची रीत आहे.
मागून बोटाचा आवाज आला,
काचेवर कोरड्या कातडीचा,
एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर.
नंतर काहीच नाही.
मी मोजत नव्हते, पण पुष्कळ वेळ.

वळले तेव्हा रेंज आली होती,
साल आपोआप आजचं झालं होतं.
तीनशे रुपये त्यानं मोजून ठेवले.
जाताना फोन कानाशी नेला,
पाठीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं,
गार झालेल्या कास्टिंगवर करतात तसं,
ऐकलं,
"सांधा न्हाई," म्हणाला,
आणि वाकून शटरखालून गेला.