दोनातून सात

सकाळचे आठ. सॅस्कॅचेवानात उणे एकतीस.
आमच्या शाळेला घंटा नाही,
बिस्किटांच्या रिकाम्या डब्यावर लाकडी चमचा वाजवायचा मान
आज लेस्याचा. ती चौदा वेळा वाजवते.
मोजायला कुणी सांगितलं नव्हतं, तेओदोर मोजतो.

टेबल एकच. लापशीचे वाडगे सरकतात, वह्या येतात,
वह्यांना लापशी लागते.
नकाशात युक्रेनच्या बरोबर मध्यावर
बिटाच्या सूपाचा डाग पडलाय.
"इथून आपले पणजोबा आले," मी सांगते.
"डागातून?" मारिच्का विचारते.

तेओदोर नऊ वर्षांचा, वजाबाकीवर रुसलेला.
दोनातून सात जात नाहीत, शेजारून एक घे, मी म्हणते.
शेजारी म्हणजे अकरा मैलांवरचे वीबकाका,
ते बर्फ उपसायचं फावडंसुद्धा लिहून ठेवून देतात.
"परत कधी द्यायचा?"
गणितात परत द्यावा लागत नाही रे.
तो पेन्सिल खाली ठेवतो.
ही चोरी आहे, असं त्याचं म्हणणं.

बरं, मग बेरीज. आठ आणि सात पंधरा,
पंधराचे पाच, हातचा एक.
माझ्या हातचा एक दानिल्को,
अकरा महिन्यांचा, कमरेवर, दात येताहेत, खडू खातो.
एका हाताने फळा पुसायचा, त्याच हाताने
चुलीत लाकूड सारायचं, लेस्याची उलटी अक्षरं सुलटी करायची.
नऊ वर्षांत दोन्ही हात एकदम मोकळे झाले
ते फक्त रविवारी, चर्चमध्ये,
जोडण्यापुरते.

आणि मारिच्का. सात पूर्ण. वाचत नाही.
सासूबाई दर गुरुवारी फोनवर विचारतात,
हवामानाचं बोलून झालं की.
वाचेल, मी म्हणते.
अक्षरांकडे ती बघते
कुंपणापलीकडच्या गायींकडे बघावं तशी:
असतील उभ्या, आपल्याला काय त्यांचं.

ओस्ताप रात्रपाळी करून झोपला होता,
हजार मीटर खालून, पोटॅशच्या खाणीतून वर येऊन.
दानिल्कोचं नाक वाहत होतं. बाबांच्या कोटात रुमाल आहे,
आण जा, म्हणून मारिच्काला पाठवलं.
ती कागद घेऊन आली
आणि दारातच थांबून, एकेक अक्षर बोटाखाली दाबत,
"ता... त्पु... र... ती. तात्पुरती! आई, तात्पुरती!"
मी गाजरं चिरत होते. शाबास. पुढे?
"क... पात. सोम... वार... पासुन."
पासून. सू लांब.

आधी मी उच्चार सुधारला.
मग सुरी थांबली.

तिला आता कोण थांबवणार.
ती सगळं वाचत गेली, तारीख, खाणीचा पत्ता,
यादीतलं चौथं नाव. "बाबा छापलेत!"
तेओदोरने टाळ्या पिटल्या. लेस्याने डबा बडवला.
दारात ओस्ताप, गालावर उशीची घडी.
"काय झालं?"
मारिच्का वाचायला लागली, मी म्हटलं.
त्याने कागदाकडे पाहिलं, मग तिच्याकडे,
माझ्याकडे सगळ्यांत शेवटी.
मग तिला उचलून इतकी वर धरली
की तिचं डोकं दिव्याला लागलं.

जूनमध्ये जिल्हा कार्यालयाला तक्ता पाठवायचा असतो.
वाचन: समाधानकारक प्रगती, हे मी पेन्सिलीने
त्याच दुपारी लिहून ठेवलं.
वापरलेले साहित्य, हा रकाना
अजून रिकामा आहे.

रात्री तेओदोरच्याच वहीच्या मागच्या पानावर
ओस्ताप महिने मांडत बसला,
गॅस, ट्रकचा हप्ता, दाताचा डॉक्टर.
तेओदोर झोपायचा सोडून खांद्यावरून वाकला.
"हे जात नाही, बाबा," त्याने बोट ठेवलं,
"दोनातून सात."
"माहीत आहे," ओस्ताप म्हणाला,
आणि थोडा सरकून
त्याला बाकावर जागा करून दिली.