घट

तंबाखूच्या वखारीत तीस वर्षं काट्यावर बसलो.
वजन होणार नाही असलं काही घेऊन
माणूस निपाणीत माझ्या दारात आलं नाही.
केशर कुर्लीकर आली, म्हणाली,
"मामा, पावशेर भुकटी पायजे. चाळलेली."
दातांना? म्हटलं.
"चित्राला."

दर्ग्यामागच्या खोलीत तिनं काच मांडली होती,
काचेखाली दिवा,
वर वटवाघळागत उलटा कॅमेरा.
भुकटी पसरायची, बोटानं सारायची.
सारलं तिथं उजेड, राहिलं तिथं आई.
खटक. एक फोटो.
मग तीच आई मोडायची,
गव्हाएवढी वर सरकवून पुन्हा मांडायची.
खटक.
"आधीची कुठं ठेवतीस?"
"ठेवत नाही. हिच्यातनंच पुढची.
मोडल्याशिवाय उठत नाही की ती."

सेकंदाला बारा आया लागतात.
पाटावरनं उठायला चार सेकंद.
तिची आई पस्तीस वर्षं मांडीवर सूप घेऊन बसलेली,
हजाराला किती, ह्या हिशेबात गुडघे गेले,
आता खाटेवरनं खाली उतरत नाही.
आणि ही अकरा दिवस
त्याच तंबाखूतनं तिला उठवत होती.

सातव्या दिवशी शिंकली.
सगळी आई भिंतीवर.
मी श्वास धरून बसलो.
ती नाक पुसत हसली,
आणि त्या मोकळ्या काचेचाही फोटो काढला.
"झालं ते झालं. हे पण त्यातच."

रात्री पोती मोजताना तिचं बोलणं आडवं यायचं:
फोटोत कोण हलत नाही, मामा.
हलतं ते दोन फोटोंच्या मधे,
आणि तिथं तर कायच नसतं.

मी आमच्या घराचं बघितलं.
बा जन्मला तो मुंबई राज्यात,
मी म्हैसूर राज्यात,
पोरगी कर्नाटकात.
तीन दाखले, न्हाणी एकच,
तुळशीची कुंडीसुद्धा कुणी सरकवलेली नाही.
दाखले बोटानं भराभर उलटले
तर घर चालताना दिसंल काय?
कागलहून येताना एसटीत डुलकी लागते,
कोगनोळीला जाग येते तर पाट्यांवरची अक्षरं गोल झालेली.
होताना मी अजून बघितलेली नाहीत.

वखारीतच धोतर ताणून पडदा केला.
म्हातारीला खाटेसकट चौघांनी आणलं.
भुकटीतली बाई तळहात टेकून उठली,
मधेच शिंकेचा पांढरा झटका,
मग कमरेवर हात ठेवून उभी.
संपलं.
बिड्या वळणारी गंगव्वा ओरडली, "एद्दळ नोड!"
म्हातारी काही बोलली नाही.
परत लाव, म्हणाली. परत लाव.
सहाव्यांदा बघून म्हणाली,
"डावा पाय आधी टाकत होते मी."
केशरनं ते वहीत लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आली,
भुकटी परत करायला.
काट्यावर ठेवली. दोनशे एकेचाळीस.
नऊ ग्रॅम घट.
घटीचं कारण लिहावं लागतं आमच्यात:
ओल सुकली, उंदीर, फाटकं पोतं.
"थोडी नाकात गेली," ती म्हणाली, "थोडी भिंतीला असंल."
मी म्हटलं, आणि ते उठणं?
तेवढी बाई उभी राहिली ह्याच्यातनं,
काट्याला त्याचा पत्ता नाही,
जड पण नाही, हलकं पण नाही.
ती माझ्याकडं बघत राहिली.
बहुतेक तिलाही ठाऊक नव्हतं.

रजिस्टरात मी लिहिलं: हाताळणी.
खाली सही केली.

डबा कप्प्यात सारणार तोवर म्हणाली,
"मामा, द्या की परत.
डावा पाय राहिलाय."

दिला.
नऊ ग्रॅम वर घालून दिले.
ते कुठं लिहिले नाहीत.