स्टूल

लाडवांसाठी माळ्यावरची मोठी परात हवी होती.
मी नेहमीसारखा स्टूल ओढला,
लेंगा जरा वर खोचला,
डावा पाय ठेवतो न ठेवतो तोच
स्वयंपाकघरातून विनयाचा आवाज,
"खबरदार!"

तिला पाठीला डोळे आहेत हे ठाऊक होतं.
माझा गुडघा भिंतीपलीकडे ऐकू जातो
हे नवीन.

तसा मी काही म्हातारा नाही.
एकसष्टीला मीच सांगितलं, सत्कार नको,
श्रीखंड चालेल.
नवघर रोडच्या या चौथ्या मजल्यावर
अजून जिन्याने चढतो,
लिफ्ट बंद असते तेव्हा.
मधे दुसऱ्या मजल्यावर खानविलकरांच्या दाराशी थांबून
त्यांच्या कुंडीतल्या तुळशीची चौकशी करतो,
दोन मिनिटं. तीन.
तुळस बरी आहे.

पण घरात ठराव पास झाला.
मंदार म्हणाला, "बाबा, तुम्ही खाली."
सून म्हणाली, "हो, प्लीज."
आणि पाच वर्षांची ईरा म्हणाली,
"आजोबा, पडलात की प्लास्टर घालतात.
मी त्यावर मोर काढीन."
तिच्या डोळ्यांत मला
थोडी आशाच दिसली.

चढला मंदार.
बँकेत मोठा साहेब,
इथे मात्र चाळिशीच्या पोटामुळे
माळ्याशी जरा अंतर ठेवूनच
बोलणी करत होता.
खाली येऊ लागलं एकेक.
प्रेशर कुकरचं खोकं
("राहू दे, गॅरंटीला लागेल."
कुकर मोडीत जाऊन पंधरा वर्षं झाली),
कागद नसलेला आकाशकंदील,
एक सुटकेस,
तिच्यात लहान सुटकेस,
तिच्यात त्याहून लहान,
आणि तिच्यात, घडी घालून, जपून,
प्लास्टिकच्या पिशव्या.

"मी चढलो असतो तर एव्हाना..."
"तुम्ही स्टूल धरा."

धरलं.

भांडुपच्या खोलीत दिवा उडाला की
अण्णा असेच चढायचे, साठचा नवा दिवा बनियनमध्ये खोचून.
मी आठ वर्षांचा.
"धरलंयस ना रे घट्ट?"
"हो अण्णा."
धरलेलं असायचं एका हाताने,
दुसऱ्या मुठीत शेंगदाणे.
अण्णा कधी पडले नाहीत
आणि त्याचं श्रेय मी
कितीतरी वर्षं स्वतःकडेच ठेवलं होतं.
आता इथे खाली उभं राहून
मंदारच्या टाचांकडे बघताना
लक्षात आलं,
त्या स्टूलला माझी काही गरजच नव्हती.
अण्णांना फक्त
कुणीतरी "हो" म्हणायला हवं होतं.

"बाबा, धरलंय ना?"
"हो रे."
मागून कुणीतरी माझा लेंगा ओढला.
"मी तुम्हाला धरलंय," ईरा म्हणाली.
बिस्किटाचा चुरा
माझ्या पावलावर पडत होता.

तेवढ्यात विनया दारात आली,
कपाळाला हात लावून,
"अगं बाई! परात तर
खानविलकरांकडे दिलीये, गौरीच्या वेळी."
माळ्यावरून मंदारने एक उसासा सोडला,
त्यात धूळ जास्त होती.

"मी आणतो," म्हणालो,
कुणी ठराव मांडायच्या आत
चपला घातल्या.
लिफ्ट चक्क चालू होती.
तरी जिन्यानेच निघालो.
उतरायला काय लागतं!