मधला थर

महापेच्या सातव्या मजल्यावर कुरियन म्हणतो,
मढवी, थेट बोलू नकोस डेटाबेसशी.
मध्ये एक थर ठेव.
उद्या तुर्भ्याच्या कोल्ड स्टोरेजवाल्यांनी ओरॅकल सोडलं,
पोस्टग्रेस घेतलं,
तर आपल्या एका ओळीलाही त्याचा पत्ता लागायला नको.

बरोबरच बोलतो तो.
दोनदा स्थलांतरं निस्तरलीत त्यानं,
दोन्ही वेळा दिवाळीत.

मी काल रात्री लॉग उघडून बसले होते.
विचारलं होतं एवढंच:
कुठल्या खोलीत किती मासळी, किती दिवसांची?
थरानं ऐकलं, मान डोलावली
आणि गेला एकेका पेटीपाशी,
एक हजार एकशे चाळीस वेळा
तोच प्रश्न, तितक्याच अदबीनं.
छत्तीस सेकंद.
गोदामाच्या दारात तोवर बर्फ पाणी होत असणार.

आणि आई आठवली.
कोपरखैरण्याची बँक, काचेपलीकडे साहेब,
आई माझ्या कानाशी:
"ईचार त्याला, माजे मिठागराचे पैशे
कनचे खात्यान परले?"
मी नववीतली, घासूनपुसून, शाळेच्या मराठीत:
"सर, मोबदल्याची रक्कम जमा झाली आहे का?"

झाली आहे, साहेब म्हणाला.
खरंच झाली होती.
काकाच्या खात्यात.
आम्हाला कळायला दोन वर्षं लागली.

आईनं कधी बोल लावला नाही.
उलट सांगत राहिली आळीभर,
पोरगी कशी फाडफाड बोलली.
आणि हेही खरं, की त्याआधी तीनदा
ती एकटीच गेली होती त्या काचेपाशी
आणि तीनदा साहेबाला तिचं काहीच समजलं नव्हतं.

म्हणून कुरियनचा थर मी ठेवला.
बिलं, पावत्या, गाड्यांचे नंबर, कामगारांची हजेरी,
सगळं त्याच्याच हातून जाऊ दे.
फक्त खोल्यांच्या त्या एका अहवालासाठी
खालचा ड्रायव्हर गाठला,
त्याच्याच बोलीत, हातानं लिहिली क्वेरी,
जोडण्या, निर्देशांक, सगळं नाव घेऊन.
अर्धा सेकंदसुद्धा नाही.
वर शेरा टाकला:
डेटाबेस बदलणार असाल तर आधी मला हाक मारा.

कुरियननं ते वाचलं, चष्मा वर केला.
"आणि तू नसशील तेव्हा?"
याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला, तो जिन्यात गेला.
दार नीट लागलं नव्हतं.
मीटिंगमध्ये कधी न चढणारा आवाज
मल्याळममध्ये चढला, भांडला, फस्सकन हसला.
मला एक शब्द कळला नाही,
पलीकडे कोण आहे ते मात्र कळलं.

परत आला तो इस्त्रीच्या इंग्रजीत:
एकच अपवाद. दुसरा चालणार नाही.

मी मान डोलावली,
अगदी थरासारखी.