खोली

तिवा नदी कोरडी. सप्टेंबरात असतेच.
मुथोका वहीत लिहितो:
वाळू, दिवसाला चार ट्रक. खडी, एक.
चाळण्या सहा, डिझेल उधारीवर.
खोली: दोन मीटर.

पात्रात स्योम्बुआ झिऱ्यापाशी बसलीय,
शेजारी गाढव, चार पिवळे कॅन.
"मीटर म्हणजे किती रे?"
तो टेप उलगडू लागतो.
ती तिकडे बघतही नाही;
पालथी पडून हात झिऱ्यात घालते
खांद्यापर्यंत,
गाल वाळूला टेकलेला.

"मेमध्ये कोपरापाशी होतं.
आज नुसती बोटं भिजली."

काठावरून ट्रकवाला हॉर्न देतो.
मुथोका खोडरबर शोधतो, मिळत नाही.
थुंकी लावून आकडा पुसतो, पुसतच राहतो.

कागदाला भोक पडतं.
कडा ओलसर.