कापलेला कोपरा

विगटाउनात नुसता ओला वारा.
दुकानाच्या मागच्या खोलीत
इशबेल मुखपृष्ठाकडे बघतसुद्धा नाही,
थेट हक्कांचं पान:
आकड्यांची ओळ, दहापासून उतरत उतरत…
‘एक आहे,’ म्हणते,
सुईणीनं ‘रडलं’ म्हणावं तशी.

मग पान एकशे बारा.
दीपगृहातलं एक अक्षर गळलेलं.
दुसऱ्या छपाईत ते भरून आलं
आणि भाव पडला.

वेष्टनाचा आतला कोपरा मात्र
कात्रीनं तिरका कापलेला.
किंमत गेली.
कुणी कुणाला दिलं असेल,
आकडा दिसू नये म्हणून.

‘निम्मा,’ ती पेन्सिलीनं लिहिते,
खोडता येईल इतकं हलकं.

मी सहज विचारते, तो तुकडा कुठे गेला असेल?

चष्मा पुसत राहते बराच वेळ.
‘त्र्याऐंशीच्या नाताळात,
आमच्याच शेगडीत.’