उद्यमनगरातलं यान

यान मी केलं.
सोळा गेजचा पत्रा, साखर कारखान्याच्या मोडीतलं बॉयलरचं झाकण,
दुधाच्या चार कॅनांची बुडं,
आणि आतल्या अंगानं, कॅमेऱ्याला दिसणार नाही असं,
रेडऑक्साईडनं लिहिलं:
हिंदुराव फॅब्रिकेशन, गाळा नंबर सतरा.

दिग्दर्शक अभिनंदन मगदूम. आमच्याच गल्लीतला,
पुण्याला शिकून आलेला,
डोळ्यांत चार वर्षांची झोप तुंबलेली.
म्हणाला, मामा, परग्रहावरचा माणूस रंकाळ्यात उतरतो,
त्याला तांबडा रस्सा झोंबतो,
आणि तिथनं सगळी गंमत.
मी म्हटलं, तिथनं म्हंजे कुठनं?
ते लिहायचं चाललंय, म्हणाला.

पहिल्या खेळाला लेथ बंद ठेवले.
बारा जण गेलो. मेहबूबनं अत्तर लावलं,
जिन्नाप्पा दिवस मावळायच्या आत जेवून आला,
बायकोनं ठेवणीतली इरकल काढली,
जसं काही यानाचं बारसं.

पडद्यावर पहिला ठसका लागला
तेव्हा मागनं कुणीतरी हसलं, उसने पैसे दिल्यागत.
मग दुसरा ठसका.
मग पोलीस पाटलाच्या घरी तिसरा.
चौथ्याला पोरं ठसक्याच्या आधीच ठसकायला लागली.
एक बोलणारं यंत्र होतं, परग्रहाची भाषा उलगडणारं,
ते शुद्ध पुणेरी बोलायचं. का,
ते शेवटपर्यंत कळलं नाही.
मध्यंतरानंतर गोष्टीपेक्षा
भडंगाच्या पुड्यांचा आवाज मोठा होता.
अर्ध्या तासानं तोही संपला.

माझं यान अकरा सेकंद.
मी मोजले.
त्यातले पाच धुरात गेले,
आणि उरलेल्या सहांत आमची सगळी रांग
पडद्याकडं न बघता माझ्याकडं बघत होती,
"आलं, आलं, मिस्त्री!" करत.
त्यांनी मान वळवेपर्यंत रंकाळा परत मोकळा.

नंतर एकदा मात्र ते जवळनं दाखवलं.
दार उघडून परग्रहवासी परत निघायचा, वाजंत्री सुरू,
आणि दार अडकलं.
हे कागदावर नव्हतं.
बिजागरी मी उलटी बसवली होती, रात्री अडीचला,
सकाळी शूटिंग म्हणून घाईत.
आत शिरोळचा नट, अंगावर हिरवं रबर, वर एप्रिलचं ऊन.
त्यानं दोन लाथा घातल्या, मग पत्र्याच्या आतनं
साऱ्या आकाशगंगेला ऐकू जाईल असा ओरडला:
"आरं, कुणीतरी पाना द्या की रं!"

आख्खी टॉकीज हसली.
बाल्कनी हसली, डोअरकीपर हसला,
बायको इरकलीचा पदर तोंडात कोंबून हसली.
दोन तास दहा मिनिटांत एकदाच,
आणि ती माझी चूक होती.
मान खाली घालावी की कॉलर ताठ करावी,
मला अजून ठरवता आलेलं नाही.

बाहेर अभिनंदन सायकल स्टँडपाशी उभा,
येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडाकडं बघत.
लोक चपला बघत चालले होते.
मामा, कसा वाटला?
चाळीस वर्षं लोखंडाशी खरं बोलतोय मी,
तापलं नाही तर तापलं नाही म्हणतो.
पण पोराचा शर्ट नवा होता, घडीच्या रेघा तशाच.
म्हटलं, वेल्डिंग टिकलं बघ.
म्हणाला, दार लई भारी झालं, मामा.
मग दोघंही गप्प.

पुढच्या शुक्रवारी पोस्टरवर दुसरं पोस्टर आलं.
यान टेम्पोतनं परत आलं, भाड्याचे साडेआठशे मीच दिले.
आता गाळ्यासमोर उभं आहे.
मेहबूबची पोरं त्यात लपतात,
एक मांजरी दोनदा व्याली.
बिजागरी सरळ करायला पाच मिनिटं लागतील.
केली नाही.

परवा अभिनंदन आला. चहा नको म्हणाला.
थेट आत जाऊन बसला, आणि दार लागलं.
मी पाना घेऊन बाहेर उभा राहिलो,
हाक येईल म्हणून.
आतनं काहीतरी आवाज येत होता.
हसत होता की काय,
सोळा गेजच्या पत्र्यातनं नीट कळत नाही.